डिसेंबरात पानं गळाली म्हणजे ऑर्किड मेलं असं नाही

ताई, छोटं उत्तर आधी देतो. पानं पिवळी पडून गळतायत ते जाड खोडाचं डेंड्रोबियम बहुतेक जिवंत आहे, फेकू नका. पण थंडीत ऑर्किडचं पाणी तोडायचं असतं असं कुठल्यातरी व्हिडिओत बघून तुम्ही चारही कुंड्यांचं पाणी तोडलंय ते मात्र आजच बदला, कारण तुमच्याकडच्या चारांपैकी एकाच झाडाला पाणी पूर्ण बंद हवंय, एकाला अगदी थोडं हवंय आणि उरलेल्या दोघांना ते नेहमीसारखंच, फक्त जरा अंतर ठेवून लागतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. नाशिक, तिसरा मजला, पूर्वेची बाल्कनी, सकाळचं ऊन दहा-साडेदहापर्यंत. एक फॅलेनॉप्सिस, गिफ्ट आलेलं, दोन वर्षांत परत फुललं नाही. एक जांभळ्या फुलाचं डेंड्रोबियम, लोकल नर्सरीतलं, लेबलवर सोनिया लिहिलेलं. एक सिक्कीमच्या ट्रिपमध्ये नर्सरीतून घेतलेलं नोबिल, तेही डेंड्रोबियमच, ज्याची पानं डिसेंबर लागल्यापासून गळतायत. आणि एक ऑनलाइन मागवलेलं काळ्या फुलाचं कॅटासेटम, ज्याची पानं दिवाळीनंतर पिवळी पडली आणि आता नुसते जाड बल्ब, म्हणजे फुगीर खोडं, उरलेत. तुमचे प्रश्न, ही झोप, म्हणजे वाढ थांबवून पडून राहणं, किती दिवसांची, पाणी परत कधी सुरू करायचं, खत देऊन लवकर उठवता येईल का, आणि जानेवारीत सेल लागतो तेव्हा पाचवं झाड घेऊ का.

खताचं लगेच सांगून टाकतो, नाही. झोपलेलं झाड खताने उठत नाही, मुळांशी क्षार साठतात आणि मुळं जळतात एवढंच होतं.

आता मुळात ही झोप येते कुठून ते नीट समजून घ्या, कारण ते एकदा समजलं की यापुढे कुठलंही ऑर्किड घेतलंत तरी कोणाला विचारायची गरज पडणार नाही. ऑर्किड हे एक झाड नाहीये, पंचवीस हजारांहून जास्त जातींचं ते एक प्रचंड मोठं कुळ आहे, त्यामुळे "ऑर्किडला थंडीत पाणी देऊ नये" या वाक्याला "जनावरांना रात्री खायला देऊ नये" इतकाच अर्थ आहे. कुठलं जनावर ते आधी सांगा. झाड मूळचं जिथलं आहे तिथे वर्षातले काही महिने पाऊस नसतो किंवा कडक थंडी असते, त्या काळात वाढत राहणं परवडत नाही म्हणून ते थांबतं. जिथे वर्षभर दमट आणि उबदार असतं तिथल्या झाडाला थांबायचं कारणच नसतं.

आपल्या सह्याद्रीतच बघा ना. महाबळेश्वर, आंबोली, कोयनेच्या बाजूला झाडांवर डेंड्रोबियम बारबॅट्युलम असतं, पांढऱ्या फुलांचं, आपण सरसकट आमरी म्हणतो त्यातलंच एक. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, तेवढ्यात ते नवीन खोड वाढवून घेतं, पाऊस गेला की पानं गाळतं, आणि मग जानेवारी ते मार्चमध्ये त्या वाळक्या काटक्यांसारख्या दिसणाऱ्या खोडांवर एकही पान नसताना फुलांचे घोस येतात. ज्याला माहीत नाही तो डिसेंबरात ते बघून मेलंय म्हणेल. जमिनीवरची ऑर्किडं तर याच्या पुढे जातात. कासच्या पठारावर पावसाच्या सुरुवातीला हबेनारियाची पांढरी फुलं येतात, एकदोन पानं जमिनीला चिकटलेली आणि वर फूल, पाऊस संपला की वरचं सगळं नाहीसं होतं आणि खाली फक्त कंद राहतो, थेट पुढच्या जूनपर्यंत. तिथे जानेवारीत गेलात तर पायाखाली ऑर्किड आहे हे कळणारसुद्धा नाही.

एक सांगतो ते कडक वाटलं तर वाटू दे. हे वाचून कोणी कासवरून कंद उकरून आणू नका किंवा हिल स्टेशनला रस्त्याच्या कडेला झाडावरून ओरबाडलेली आमरी विकायला ठेवतात ती घेऊ नका. जमिनीतल्या ऑर्किडांचं पोषण त्या मातीतल्या बुरशीवर चालतं, ती बुरशी तुमच्या कुंडीत नाही, कंद एखादा पावसाळा ढकलतो आणि संपतो. झाडावरची आमरी मुळं तुटलेली असते म्हणून जाते. नर्सरीत टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, हवी तेवढी झाडं मिळतात, तीच घ्या.

तर मुद्द्यावर येतो. झोपणारं ऑर्किड आणि न झोपणारं ऑर्किड बघून ओळखायचं कसं? त्याच्याकडे साठा आहे का बघा. नोबिलची जाड पेरापेरांची खोडं, कॅटासेटमचे फुगीर बल्ब, या सगळ्या झाडाच्या कणग्या आहेत, पावसाळ्यात पाणी आणि अन्न भरून ठेवायचं आणि कोरड्या महिन्यांत त्यावर बसून खायचं. फॅलेनॉप्सिसकडे कणगीच नाही. त्याच्याकडे चारपाच मांसल पानं आणि मुळं एवढंच, त्यामुळे त्याचं पाणी महिनाभर तोडलं की ते स्वतःची पानं खायला लागतं, पानं आधी लोळतात, मग सुरकुततात. आता एवढ्यावरच ठरवू नका हं, सोनियालाही खोडं आहेत पण ते झोपत नाही, त्याचं कारण पुढे येईल. पण साठा नसेल तर झोप नाही हे मात्र धरून चाला.

आता एकेक कुंडी घेऊ.

नोबिल आधी, कारण तुमची काळजी तीच आहे. डेंड्रोबियम नोबिल हे सिक्कीमचं राज्यफूल, हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत, पुढे थायलंड आणि दक्षिण चीनपर्यंत ते सापडतं. तिथे उन्हाळा-पावसाळा भरपूर ओला आणि हिवाळा थंड, कोरडा आणि लख्ख उजेडाचा. ते झाड आत्ता तुमच्या बाल्कनीत नेमकं तेच करतंय जे गंगटोकला केलं असतं. खात्री करायची तर असं करा. पानं गळालेलं एक खोड हातात घ्या, त्याच्यावर कागदासारखं पांढरट वाळकं आवरण असेल, ते एका पेराचं हलक्या हाताने सोलून बघा. आत हिरवं किंवा पिवळसर हिरवं आणि टणक असेल तर झाड ठणठणीत आहे. उभ्या बारीक रेषा पडल्या असतील तरी चालतं, साठा थोडा वापरला गेलाय एवढंच. अंगठ्याने दाबल्यावर आत जात असेल, तपकिरी पाणचट असेल, वास येत असेल तर ती सड आहे, झोप नाही. पिवळेपणा बघायचीही एक पद्धत आहे, झोपेची पिवळी पानं जुन्या खोडावरून सुरू होतात, पान सगळं एकसारखं पिवळं होतं आणि धक्का लागला की कोरडं गळून पडतं. रोगाचं पान डागाडागाने, काळं किंवा पाण्याने भिजल्यासारखं होतं आणि बऱ्याचदा नवीन कोंबापासून सुरुवात होते. नवीन कोंब काळा पडत असेल तर मात्र धावपळ करा.

त्या सोललेल्या पेरापाशी, गाठीच्या बाजूला, डोळ्यात तेल घालून बघितलंत तर बारीक फुगवटा दिसेल, मोहरीच्या दाण्याएवढा. तिथूनच फूल येणार असतं. आणि तिथूनच पिल्लूही येऊ शकतं, ज्याला सगळे कीकी म्हणतात. त्या फुगवट्याने फूल व्हायचं की पिल्लू व्हायचं हे ठरतं याच महिन्यांत, आणि ते तुम्ही काय करता त्यावर बरंचसं अवलंबून असतं. रात्रीचं तापमान चारसहा आठवडे १० ते १५ अंशांच्या दरम्यान मिळालं, खत बंद असलं, उजेड भरपूर असला तर फूल. रात्र उबदार, पाणी भरपूर आणि वरून नत्राचं खत चालू असलं तर पिल्लू. मुंबई-ठाण्याच्या लोकांचं नोबिल म्हणूनच फुलत नाही आणि दरवर्षी नुसती पिल्लं देतं, तिथे जानेवारीतसुद्धा रात्र १७-१८ च्या फार खाली जात नाही, त्यात त्यांची काही चूक नसते. नाशिकला तुम्ही नशीबवान आहात, इथे पारा १० च्या खाली जातो तेव्हा पेपरात बातमी येते आणि द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो, पण नोबिलवाल्यांनी पेढे वाटायला हरकत नाही.

मग आत्ता काय करायचं. कुंडी आत घेऊ नका, बाहेरच थंडी खाऊ दे, फक्त ७-८ च्या खाली जायला लागलं तर भिंतीला सरकवा. खत पूर्ण बंद, खरं तर ते सप्टेंबर संपतानाच बंद व्हायला हवं, नवीन खोडाच्या टोकाला शेवटचं छोटं पान आलं आणि वाढ थांबली की तोच सिग्नल. पाणी आठदहा दिवसांतून एकदा, सकाळी ऊन आल्यावर, नुसतं कुंडीतलं माध्यम, म्हणजे मातीऐवजी भरलेली नारळाची शेंडी, कोळसा वगैरे, ओलं होईल एवढं. काही लोक दोन-तीन महिने थेंबभर पाणी देत नाहीत, मला ते पटत नाही. जंगलात कोरड्या महिन्यांतही पहाटेचं दव आणि धुकं मुळांना मिळतं, तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्लास्टिकच्या कुंडीत कुठून दव येणार. आणि फुलांचं मुख्य काम थंडी करते, कोरडेपणा हा मदतनीस आहे. तुमचं झाड जपानी हायब्रिडपैकी असलं, यामामोटो नावाच्या ब्रीडरांची अशी खूप झाडं जगभर फिरतात, तर ते पानंसुद्धा सगळी गाळत नाही आणि त्याला एवढं कोरडं ठेवायची गरज नसते. तुमच्याचं पान सरसकट गळतंय म्हणजे ते मूळ जातीच्या जवळचं असावं.

पाणी कधी वाढवायचं? कॅलेंडर बघून नाही. जानेवारी-फेब्रुवारीत ते फुगवटे मोठे व्हायला लागतील, तेव्हा लगेच हुरळून बादलीभर पाणी ओतू नका, थांबा. कळी असेल तर ती गोलसर, दोनतीन एकत्र आणि चकचकीत दिसते. पिल्लू असेल तर टोकदार, चपटं, आणि थोड्याच दिवसांत त्याला पानाचा आकार येतो. कळी नक्की झाली की मग पाणी हळूहळू वाढवा. फुलं झाल्यावर खाली बुंध्यात नवीन कोंब येतील, त्यांना स्वतःची मुळं फुटली की खत सुरू. आणि हो, उघडी पडलेली जुनी खोडं कापू नका, लोक साफसफाई म्हणून कापून टाकतात. न फुललेल्या पेरांवर पुढच्या वर्षीही फूल येतं, आणि फूल नाही आलं तरी ती नवीन कोंबांना पोसतायत.

कॅटासेटम. हे खरं झोपणारं झाड आहे, बाकी सगळे याच्यापुढे डुलक्या काढणारे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, तिथे पावसाळा आणि कोरडा ऋतू असे सरळ दोन भाग, त्यामुळे याचं वागणंही सरळ, वाढ सुरू असताना राक्षसासारखं खातं-पितं आणि थांबलं की पूर्ण थांबतं. काळी फुलं म्हणताय म्हणजे ते फ्रेडक्लार्किआरा आफ्टर डार्क किंवा त्याच्या नात्यातलं असणार, कॅलिफोर्नियाच्या फ्रेड क्लार्क यांनी केलेलं हायब्रिड, त्यांच्याच नावावरून त्या गटाला नाव पडलंय. याची पानं गळून गेलीत तर पाणी आता पूर्ण बंद. खरंच पूर्ण. वाईट वाटतं, हात शिवशिवतो, तरी बंद. कुंडी सावलीत नको, उजेडातच ठेवा पण पाणी उडणार नाही अशा जागी, आणि याला नोबिलसारखी थंडी लागत नाही, म्हणून रात्री पारा १२ च्या खाली असेल तर घरात घ्या. बल्बवर हलक्या सुरकुत्या येतील, येऊ देत. फारच खोल पडल्या, बल्ब अगदी लोळायला लागला, तरच एखाद्या सकाळी थोडं पाणी. पानं नसताना फुलाचा दांडा आला तर घाबरू नका, या गटात तसं होतं.

यात सगळ्यात जास्त झाडं मरतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. बुंध्यातून हिरवा कोंब डोकावतो, माणूस खूश होतो, उठलं म्हणून पाणी घालतो, आणि पंधरा दिवसांत तो कोंब बुडापासून कुजून हातात येतो. कारण कोंब आलाय पण मुळं अजून आलेली नाहीत, पाणी पिणारं कोणी नाही, ओल नुसती साचते. कोंब आला की कुंडी बदलायची, जुनी मेलेली मुळं कापायची, नवीन मॉस किंवा बारीक शेंडी भरायची, आणि तरीही पाणी नाही. नवीन मुळं बोटभर लांब होऊन, म्हणजे ८ ते १२ सेंटिमीटर, माध्यमात शिरली की मग पाणी, आणि मग मात्र हात आखडता घेऊ नका. पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास बुडाला भोकं पाडून कुंडी म्हणून वापरा, मुळं कुठवर आली ते बाहेरून दिसतं, अंदाजपंचे दाहोदरसे होत नाही. एवढं मात्र बघा की पानं गळायच्या आधी खालच्या बाजूला लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, लागलेला नव्हता ना, पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटकलं की ठिपके चालताना दिसतात. कॅटासेटमची पातळ पानं म्हणजे त्याची आवडती जागा. लागलेला असेल तर बल्बवरची वाळकी आवरणं काढून एकदा ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आता सोनिया. हे जांभळं-पांढरं डेंड्रोबियम, आपल्याकडे बुकेमध्ये, लग्नाच्या स्टेजवर जे ऑर्किड दिसतं ते बहुतेक वेळा हेच. याच्या पूर्वजांत डेंड्रोबियम बिगिबम आहे, उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागातलं, क्वीन्सलंडचं राज्यफूल. थंडीची याला बिलकुल सवय नाही. म्हणजे नाव दोघांचं डेंड्रोबियम, खोडं दोघांना, पण नोबिलला जी थंडी औषध आहे ती सोनियाला मार आहे. बाल्कनीत दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दोघांना एकच वागणूक दिली की एक फुलतं आणि दुसरं पानं टाकतं, मग माणूस म्हणतो माझ्या हाताला गुण नाही. हे झाड झोपत नाही, १५ च्या खाली फक्त कुडकुडून थांबतं. त्याला संध्याकाळी आत घ्या, हॉलमध्ये खिडकीपाशी, सकाळी परत उन्हात. पाणी माध्यम कोरडं झालं की द्या, सकाळी नऊनंतर, टाकीचं बर्फासारखं पाणी नको, कोमट नको तरी निदान खोलीत ठेवलेलं असू दे. थंडी आणि ओली मुळं या दोन गोष्टी एकत्र आल्या की मूळकूज ठरलेली. खत महिनाभर बंद ठेवलंत तरी चालेल, फेब्रुवारीत दिवस तापायला लागले की सुरू करा. जुन्या खोडावरचं एखाद-दुसरं पान गळालं तर ते वयाने गळालं, त्याचा बाऊ नको.

फॅलेनॉप्सिसचं पाणी बंद करणं हाच तुमच्याकडचा सगळ्यात मोठा धोका आहे. फिलिपिन्स, इंडोनेशिया बाजूचं झाड, कणगी नाही, झोप नाही. फुलं गळून गेल्यावर ते महिनोन् महिने नुसती पानं आणि मुळं करत बसतं त्याला लोक झोप म्हणतात, ती झोप नव्हे, ते जेवतंय. त्याची मुळं बघा, माध्यमाबाहेर आलेली असतील. कोरडी असताना रुपेरी-राखाडी, पाणी घातलं की मिनिटाभरात हिरवी होतात, मुळावरचं स्पंजसारखं आवरण पाणी शोषतं तेव्हा आतला हिरवा रंग दिसायला लागतो. राखाडी झाली की पाणी, हिरवी आहेत तोवर नाही, एवढा सोपा मीटर झाडाने स्वतःच दिलेला आहे. आतलं कळत नसेल तर खराट्याची काडी कुंडीत अर्ध्यापर्यंत खोचून ठेवा, दहा मिनिटांनी काढून गालाला लावा, गार ओलसर लागली तर दोन दिवस थांबा. पाणी पानांच्या मधोमध खोबणीत साचू देऊ नका, थंडीत तिथूनच सड सुरू होते, साचलं तर टिश्यूने टिपून घ्या.

दोन वर्षं का फुललं नाही? मी पैज लावतो की उजेड कमी आहे. तुम्ही लिहिलंय हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलंय, पानं छान गर्द हिरवी आहेत. गर्द हिरवी म्हणजेच उजेड कमी. पान थोडं पोपटीकडे झुकणारं हवं. भर दुपारी पानावर एक वीत उंचीवर हात धरा, सावलीच्या कडा पुसट पण ओळखू येण्यासारख्या दिसल्या पाहिजेत, सावलीच पडली नाही तर जागा चूक आणि कडक काळी पडली तर ऊन जास्त. दुसरी गोष्ट म्हणजे याचा दांडा निघतो तो रात्र गार झाली की, रात्री १६ ते २० आणि दिवसा २५ च्या आसपास असं काही आठवडे मिळालं की. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाशिकला हे फुकट मिळतं, पण झाड बंद हॉलमध्ये बसलंय त्याला काय कळणार. पुढच्या वर्षी दसऱ्यापासून खिडकीत आणा. या वर्षीचंही वाया गेलं असं नाही, आत्ता खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवा, बाहेर मात्र नको, १२-१३ च्या खाली त्याला सोसत नाही. पानाच्या बगलेतून काही निघालं आणि त्याचं टोक गोल गुळगुळीत असेल तर ते मूळ, टोकाला हातमोज्यासारखी चपटी घडी असेल तर तो दांडा. दांडा दिसल्यावर कुंडी फिरवायची नाही, नाही तर दांडा उजेडाकडे वळत वळत वेडावाकडा होतो.

आता हे थंडीचं झालं, पण आपल्या देशावरच्या हवेत आणखी एक थांबा असतो त्याबद्दल परदेशी पुस्तकात काही मिळत नाही. एप्रिल-मे. नाशिक, पुणे, संभाजीनगर, सगळीकडे दुपारी हवा इतकी कोरडी होते की मुळांची हिरवी टोकं बंद होतात, वाढ थांबते. दिसायला अगदी झोपेसारखंच दिसतं आणि काहीजण त्याला विश्रांती समजून पाणी कमी करतात. हे चूक आहे. ती विश्रांती नाही, ती तहान आहे. थंडीत कमी पाणी, उन्हाळ्यात भरपूर, असं साधं ठेवा. उन्हाळ्यात बाल्कनीची फरशी संध्याकाळी ओली करा, कुंड्या खडी-पाण्याच्या ट्रेवर ठेवा पण बूड पाण्यात बुडू देऊ नका. यातली बरीच झाडं पानांची रंध्रं रात्री उघडतात, त्यामुळे रात्रीचा दमटपणा त्यांच्या खरा कामाला येतो. नागपूर-अकोल्याकडचे लोक तर डेझर्ट कूलरच्या वाऱ्याच्या वाटेत ऑर्किडं ठेवतात आणि ती मजेत असतात, अगदी झोताच्या तोंडाशी मात्र नको. आणि कोकणातल्या, गोव्यातल्या मंडळींचं उलटं आहे, त्यांना थंडीची नाही, पावसाळ्याची भीती, चार महिने कुंडी वाळतच नाही, तिथे वर पत्रा हवा आणि माध्यमात कोळसा, विटांचे तुकडे जास्त, शेंडी कमी.

खतावर फार वेळ घालवत नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत, पुरतं, लिटरला अर्धा ग्रॅम, वाढ चालू असताना आठवड्यातून एकदा, आणि अधूनमधून नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढायची. फुलांसाठी म्हणून स्फुरदाची महागडी पाकिटं विकतात, उजेड आणि तापमान बरोबर नसेल तर त्यांनी काही होत नाही. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर येत असेल तर खतापेक्षा त्याकडे आधी बघा, पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून ठेवा किंवा आरओचं वापरा.

राहिलं पाचवं झाड. जानेवारीच्या सेलमध्ये मागवू नका. कुरिअरमध्ये चारपाच दिवस मुळं उघडी, वर थंडी, आणि झाड वाढीत नसल्यामुळे तुमच्याकडे आल्यावर नवीन मुळं फुटायला दोन-तीन महिने बसून राहणार, तोवर अर्धी झाडं सुकतात. फेब्रुवारी संपत आला, दिवस तापले, की मागवा, आणि विक्रेत्याला झाडाच्या बुंध्याचा फोटो मागा, नुसता फुलाचा नको. बुंध्यात नवीन कोंब किंवा हिरव्या टोकाचं मूळ दिसत असेल तरच पैसे द्या. कुठलं घ्यायचं म्हणाल तर तुमच्या पूर्वेच्या बाल्कनीत ऑन्सिडियम चांगलं होईल, पिवळ्या बारीक फुलांचं, नाशिकची थंडी त्याला चालते, आणि त्याच्या बल्बला सुरकुत्या पडल्या की पाणी कमी पडतंय हे ते स्वतःच सांगतं. वांडा सध्या नको, त्याला रोज पाणी लागतं आणि तुम्ही ऑफिसला जाता.